विंडोज १० चा आधार संपला : बाबांच्या संगणकावर लिनक्स टाकू का?

कृष्णाकाठ | १५ ऑक्टोबर २०२५

मंडळी, सल्ला हवाय. काल, १४ तारखेला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार थांबवला. रात्री बाबांचा मिरजेहून फोन. "अरे, कॉम्प्युटर म्हणतोय त्याची सेवा समाप्त झाली. पेन्शन कोण देणार त्याला?"

यंत्र असं : २०१६ साली दुकानातून जोडून घेतलेला डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क. विंडोज ११ त्यावर चढत नाही. बायोसमध्ये शिरून टीपीएम (सुरक्षेची सोय) सुरू केलं तरी प्रोसेसर यादीत नाही. इंटेलची यादी आठव्या पिढीपासून सुरू होते. यंत्र बाकी धडधाकट आहे, फक्त चालू केल्यावर बाबा चहा टाकून, गाळून परत येतात तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसतो.

वापर : ईमेल, बँक, प्राप्तिकराचं रिटर्न (बाबा स्वतः भरतात, त्यात त्यांना कोणी हात लावलेला चालत नाही), आईची यूट्यूबवरची कीर्तनं, बंगळुरूच्या ताईशी व्हिडिओ कॉल. आणि गावातल्या वाचनालयाची वार्षिक स्मरणिका. ती २००३ पासून बाबाच टाइप करतात.

दिवाळीला घरी जातोय. चार दिवस हातात आहेत. लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकू, नवीन घेऊ, की आहे तसंच चालू देऊ? मी स्वतः ऑफिसात विंडोजच वापरतो. लिनक्स कॉलेजात एका सत्रापुरतं पाहिलं होतं, प्रात्यक्षिक परीक्षेपुरतं.

टर्मिनलवाला | १५ ऑक्टोबर

मिंट टाका (लिनक्सचाच एक प्रकार). विषय संपला.

उंटावरचा_शहाणा | १५ ऑक्टोबर

नऊ वर्षं झाली की राव. दिवाळी आहे, नवीन लॅपटॉप घेऊन द्या बाबांना. वाचवलेल्या पैशांचं काय लोणचं घालणार?

सावकाश | १५ ऑक्टोबर

आधी घाई काढून टाका. घरगुती वापरासाठी सुरक्षा-अपडेट आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर फुकट, नाहीतर एकदाच ३० डॉलरच्या आसपास. अट अशी की विंडोज १० ची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२, हवी. बाबा बहुधा खात्याशिवायच वापरत असतील, तेवढं बघा.

रुफस नावाचं साधन वापरून प्रोसेसरची तपासणी चुकवता येते आणि ११ बसतंही. पण पुढची मोठी अपडेट येईलच याची हमी कोणी देत नाही. वडिलांच्या यंत्रावर आणि तेही तुम्ही दुसऱ्या गावी असताना मी हा उद्योग करणार नाही.

हिशेबनीस | १५ ऑक्टोबर

इचलकरंजीत करसल्लागाराचं काम करतो. माझं मत विरुद्ध पडेल, पण सांगतो. मी २०१९ मध्ये ऑफिसच्या एका संगणकावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून पाहिलं. टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाखाली ते उघडलं, पण छापायला गेलं की गप्प. खात्यांच्या एक्सेल शीटमधली मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये चालली नाहीत. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन लिनक्सला वाचता येतं म्हणतात, आणि एकदा वाचलंही. पण महिन्याच्या २० तारखेला, जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं विवरणपत्र भरायच्या रात्री, 'एकदा वाचलंही' याला अर्थ नसतो. ११ वाजता विंडोजवाल्या संगणकापाशी येऊन बसलो तो आजतागायत.

व्यवसाय असेल तर नको. बाबा निवृत्त आहेत, त्यांचं वेगळं.

टर्मिनलवाला | १५ ऑक्टोबर

हिशेबनीस, सहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आज मत देताय. लिनक्सला व्हायरस लागत नाही, अपडेट मधेच अडवत नाही, जाहिराती नाहीत. आणि काय हवं?

हिशेबनीस | १६ ऑक्टोबर

टॅलीची बिलं छापायची आहेत, ते हवं.

सावकाश | १६ ऑक्टोबर

"व्हायरस लागत नाही" हे वाक्य जरा जपून. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ सगळ्या लिनक्समध्ये असणाऱ्या फाइल आवळायच्या साधनात चोरदरवाजा सापडला होता. कोणीतरी दोन-अडीच वर्षं सज्जनपणे काम करून विश्वास मिळवला आणि मग तो घुसवला. सापडला कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं म्हणून. आणि हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये!

घरच्या वापरात धोका कमी, हे खरं. पण बँकेच्या नावाने आलेल्या बनावट लिंकवर बाबांनी टिचकी मारली तर खाली पेंग्विन (लिनक्सचं चिन्ह) आहे की खिडकी, याने काही फरक पडत नाही.

इसारकाठची_मीरा | १६ ऑक्टोबर

म्युनिकहून. इथल्या महापालिकेने विंडोज सोडून लिनक्सवर जायचं २००३ मध्ये ठरवलं. लिमक्स असं स्वतःचं रूप बनवलं आणि २०१३ पर्यंत सुमारे १५००० संगणक हलवले. २०१७ मध्ये पालिकेनेच ठराव केला, परत विंडोज. दोन्ही बाजूंचे लोक आजही भांडतात, त्यात राजकारण किती आणि तंत्र किती. मला जे दिसलं ते असं की डेस्कटॉपवरून फारसं कोणाचं अडलं नव्हतं. अडलं ते एकेका खात्याच्या खास प्रोग्रॅमवर, आणि बाहेरच्या कार्यालयांशी फाइलींची देवघेव करताना. गंमत म्हणजे इथलंच उत्तरेकडचं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य आता ३०००० संगणकांवर लिब्रेऑफिस आणतंय, २०२४ मध्ये जाहीर केलं.

कृष्णाकाठ, तुमच्या घरातला तो 'खास प्रोग्रॅम' कोणता, ते आधी शोधा.

जुळारी | १६ ऑक्टोबर

मीराताईंनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. मी पुण्यात ३० वर्षं अक्षरजुळणी करतोय, सुरुवात खिळ्यांवर. इतक्या प्रतिसादांत कोणी विचारलंच नाही : बाबा स्मरणिका टाइप कशात करतात? २००३ सालापासून म्हणजे युनिकोडमध्ये नक्कीच नाही.

कृष्णाकाठ | १६ ऑक्टोबर

विचारलं. एका जुन्या मराठी पॅकेजात, टाइपरायटरच्या कळफलकावर. बाबांची शासकीय मराठी टायपिंगची परीक्षा १९७८ ची, ४० शब्द प्रतिमिनिट. ते म्हणाले, "बोटांना पाठ आहे, डोक्याला नाही, त्यामुळे आता बदलता येणार नाही."

जुळारी | १६ ऑक्टोबर

मग जरा विस्ताराने लिहितो, कारण इथेच सगळं अडणार आहे.

त्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार बसवलेले असतात. फाइलीत साठवलेलं असतं एखादं इंग्रजी अक्षर, फॉन्ट त्या जागी 'क' काढून दाखवतो. फॉन्ट काढून घेतला की पडद्यावर उरतो इंग्रजी अक्षरांचा भुसा. लिनक्समध्ये तोच टीटीएफ फॉन्ट टाकला तर जुनी फाइल वाचता येईल, छापताही येईल. पण टाइप करायचं इंजिन विंडोजचं आहे. ते येणार नाही. काही पॅकेजांना यूएसबीची किल्लीही लागते, तिचं तर नावच काढू नका.

दुसरी गोष्ट. टाइपरायटरवर 'कि' लिहिताना आधी वेलांटी, मग क. कागदावर वेलांटी डावीकडे येते ना, म्हणून. युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने : आधी क, मग वेलांटी. रफारही तसाच, जुन्यात अक्षरानंतर मारायचा, नव्यात तो अक्षराच्या आधी येणारा र. जुन्याचं नवं करणारे प्रोग्रॅम आहेत, पण ते नेमके याच दोन जागी ठेचकाळतात.

नव्या टंकलेखनासाठी लिनक्समध्ये चांगली सोय आहे हेही सांगतो. आयबस (भाषांचे कळफलक बदलून देणारी सोय) आणि त्याचं एम१७एन नावाचं पॅकेज बसवा. मराठीखाली इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन असे कळफलक मिळतील. आपल्या मराठी संकेतस्थळांवर वाढलेल्यांसाठी चक्क गमभनसुद्धा आहे. बाबांना रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरच्या वळणाचा कळफलक, देऊन बघा.

टर्मिनलवाला | १६ ऑक्टोबर

दंडवत घ्या काका. "मिंट टाका" एवढं लिहून मी मोकळा झालो होतो.

भरपाई म्हणून कामाचं सांगतो : आत्ता काहीही 'टाकू' नका. मिंट उतरवा (३ जीबीच्या आत आहे), पेनड्राइव्हवर चढवा, त्यावरून संगणक सुरू करा. डिस्कला हात न लागता सगळं वापरून बघता येतं. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर. यात जे चालेल ते बसवल्यावरही चालेल. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेली आवृत्ती २२.२, नाव 'झारा'. ऐन फराळाच्या दिवसांत आई नावावरूनच पास करतील. २२ च्या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे.

चंद्रगिरी | १७ ऑक्टोबर

कासरगोडहून, घरी मराठी, बाहेर मल्याळम आणि कन्नड. माझी मुलगी केरळच्या सरकारी शाळेत आहे. शाळेत लिनक्सच, काइट संस्थेने उबुंटूवरून बनवलेलं. दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच. तिने विंडोज पहिल्यांदा मामाकडे पाहिलं आणि म्हणाली, "यात सगळं उलट्या जागी का आहे?" तेव्हा सोपं-अवघड हे पहिलं कोणतं शिकलो त्यावर. पण तुमच्या बाबांना हे लागू नाही, त्यांची बोटं आधीच शिकून बसलीत.

उंटावरचा_शहाणा | १७ ऑक्टोबर

एवढ्या चर्चेत लॅपटॉप घरपोच आला असता.

कृष्णाकाठ | २३ ऑक्टोबर

भाऊबीज उरकून लिहितोय. चार दिवस पेनड्राइव्हवरून मिंट चालवलं, त्याचा वृत्तांत.

काय चाललं : वाय-फाय, आवाज, कॅमेरा पहिल्या फटक्यात. बँकेचं संकेतस्थळ, प्राप्तिकराचं पोर्टल, व्हॉट्सअ‍ॅप वेब सगळं ब्राउझरमध्येच असल्याने फरक शून्य. आईने तर विचारलंच नाही. कीर्तन लागलं, विषय संपला. बाबांच्या मते खालची पट्टी 'जरा हिरवट' आहे, बाकी हरकत नाही.

आता गंमत. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसहाला बाबांना विंडोज उघडून दिलं, तर घड्याळात दुपारचा १. बरोबर साडेपाच तास मागे. बाबा घाबरले, म्हणाले मुहूर्त टळला की आलाच नाही? मग वाचलं : लिनक्स यंत्रातलं घड्याळ जागतिक वेळेवर लावून ठेवतं आणि विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. साडेपाच म्हणजे आपलाच फरक.

डी ड्राइव्ह लिनक्समधून नुसताच वाचता येत होता, त्यावर लिहू देईना. विंडोज 'शट डाउन' करतं ते खरं बंद होत नाही, फास्ट स्टार्टअपमुळे अर्धवट झोपतं आणि डिस्क अडवून ठेवतं. ते बंद केल्यावर उघडला.

प्रिंटर नाही चालला. तो गल्लोगल्लीच्या झेरॉक्सच्या दुकानात दिसतो ना, पांढरा ठेंगणा लेझर, तो. कंपनीचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुनाट आहे, दोन रात्री घालवल्या. एकदा अर्धं पान छापून त्याने जी जांभई दिली ती दिलीच.

आणि स्मरणिका. गेल्या वर्षीचा काही भाग बाबांनी भाच्याकडून युनिकोडमध्ये करून घेतला होता, वर्डमध्ये, मंगल फॉन्टात. लिब्रेऑफिसमध्ये उघडला तर ३२ पानांची ३४ झाली. शिवाय अक्षराचा आकार १४ केला की शेजारचे इंग्रजी शब्द वाढतात, मराठी ढिम्म.

जुळारीकाका, हे काय आहे?

जुळारी | २३ ऑक्टोबर

मंगल विंडोजचा, लिनक्समध्ये तो नसतो. मग दुसरा कुठला तरी फॉन्ट त्याच्या जागी उभा राहतो आणि ओळी सरकतात. मुंबईच्या एक टाइपचा 'मुक्त' घ्या. नावाप्रमाणे मोकळा आहे, दोन्हीकडे बसवता येतो, म्हणजे पानं दोन्हीकडे सारखी पडतील. ल आणि श मराठी वळणाचे हवे असतील तर मजकुराची भाषा मराठी निवडलेली आहे ना ते तपासा. काही फॉन्ट भाषा बघून वळण बदलतात, 'हिंदी' राहिलं तर हिंदी ल येतो.

आकाराचं असं, की लिब्रेऑफिस देवनागरीला वेगळ्या खात्यात धरतं, 'कॉम्प्लेक्स' लिपी म्हणून. पर्यायांत भाषेच्या पानावर ती खूण करा. मग परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये इंग्रजी आणि देवनागरी यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे देता येतील. स्टाइल एकदा नीट लावा. दर परिच्छेदाला हाताने आकार बदलणाऱ्या माणसाला मी दुकानातून उठवतो.

सावकाश | २४ ऑक्टोबर

प्रिंटरवर आणखी रात्री घालवू नका. पुढे घ्याल तेव्हा आधी लिनक्समध्ये चालतो का ते बघून घ्या. एचपीचे बरेचसे एचपीलिप या ड्रायव्हरमुळे चालतात, माझा एप्सनचा टाकीवाला निमूट चालला.

पण एक राहून जातंय. चहा होईपर्यंत सुरू न होणारा संगणक हा विंडोजचा कमी आणि फिरत्या डिस्कचा दोष जास्त आहे. लिनक्स टाकूनही ती फिरायची तशीच फिरेल. छोटी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) घ्या, मिंट तिच्यावर बसवा, जुनी डिस्क आतच राहू द्या. मात्र मिंट बसवताना जुन्या डिस्कची साटा केबल काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. मग परत जोडा. सुरू होताना एफ१२ (बोर्डानुसार एफ८, एफ११) दाबून हवी ती डिस्क निवडायची. बाबांच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, ती सगळ्यात आधी.

टर्मिनलवाला | २४ ऑक्टोबर

+१. आणि टाइमशिफ्ट (यंत्रणेच्या जुन्या प्रती ठेवणारं साधन) चालू करून द्या. काही बिघडलं तर फोनवरून सांगून मागच्या तारखेला नेता येतं. माझ्या सासऱ्यांनी एकदा सगळी पट्टीच उडवली होती, असंच परत आणलं.

हिशेबनीस | २४ ऑक्टोबर

दोन डिस्कची योजना पटली. माझ्यासाठी नाही, पण पटली.

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर

परत मिरजेत. २५६ जीबीची एसएसडी १८०० रुपयांना मिळाली. सावकाश यांनी सांगितलं तसंच केलं : आधी प्रत, मग केबल काढली, मग मिंट, मग केबल जोडली. पाऊण तास. आता चहाचं आधण ठेवायच्या आत डेस्कटॉप येतो, आणि याचं सगळं श्रेय बाबा लिनक्सला देतात. मीही दुरुस्त करत नाही.

जुन्या डिस्कवरचं विंडोज १० तसंच ठेवलंय, त्यातलं नेटवर्क बंद करून. ते आता फक्त जुन्या स्मरणिकांचं कपाट. बँक, मेल, रिटर्न सगळं मिंटवर.

रेमिंग्टन कळफलक बसवला. बाबांनी पहिलं पान पाच मिनिटांत टाइप केलं आणि मग हात वर घेतले. दोन-तीन जोडाक्षरं वेगळ्या कळेवर आहेत. 'ज्ञ' शोधताना जे काही पुटपुटले ते इथे लिहीत नाही. कळांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून दिलेत. यंदाची स्मरणिका युनिकोडमध्ये करायची असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, कारण छापखान्याने गेल्या वर्षी जुन्या फॉन्टच्या फाइलींचे जास्त पैसे लावले होते. तो राग आमच्या कामी आला.

प्रिंटर अजून सुटलेला नाही. पीडीएफ करायची, खालच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची, पानाला ३ रुपये. आईचं म्हणणं, त्यानिमित्ताने बाबा जिना उतरतात.

उंटावरचा_शहाणा | ९ नोव्हेंबर

म्हणजे १८०० अधिक झेरॉक्स. बरं बाबा, जिंकलात.

कृष्णाकाठ | २२ नोव्हेंबर

जुळारीकाका, एक शेवटचं. वाचनालयाचं हे शताब्दी वर्ष, म्हणून बाबांना २००९ च्या स्मरणिकेतला इतिहासाचा भाग यंदा परत छापायचाय. २८ पानं, जुन्या फॉन्टात. एका प्रोग्रॅममधून युनिकोड करून घेतली. वरवर बरी दिसतात. पण सगळं शब्दन् शब्द वाचायचं म्हणजे आठवडा जाईल. कुठे बघू?

जुळारी | २२ नोव्हेंबर

सगळं आत्ताच वाचू नका. आधी तीन शब्द शोधा : 'वर्ष', 'कार्यकारिणी', 'विद्यार्थी'. पहिल्यात साधा रफार. दुसऱ्यात रफाराला लागून काना आणि पुढे वेलांटी. तिसऱ्यात जोडाक्षर, आणि पुढे रफार व दीर्घ वेलांटी एकाच डोक्यावर. त्यानंतर 'ऱ्या' : 'दुसऱ्या', 'पायऱ्या'. तिथला अर्धा र बहुतेक रफार होऊन बसलेला असतो. हे चारही धड असतील तर प्रोग्रॅम चांगला, मग एकदाच निवांत वाचा. चुकलेले असतील तर एका शब्दाची चूक सगळीकडे एकसारखी असते, शोधा-बदलाने एका झटक्यात जाते. बदलण्याआधी फाइलीची प्रत ठेवा.

कृष्णाकाठ | २३ नोव्हेंबर

'वर्ष' ठीक. 'विद्यार्थी' ठीक. 'दुसऱ्या' सगळीकडे 'दुसर्या'. आणि 'कार्यकारिणी' ४१ ठिकाणी आहे, ४१ ठिकाणी रफार य सोडून क वर जाऊन बसलाय. बाबा शेजारी खुर्ची ओढून बसलेत. प्रत ठेवली. करतो सुरुवात.